पाय वर करून पोहणारे

औलाद झिदान,
१२ ऑक्टोबर १९९५

तामू,

तुझा गुडघा कसा आहे, लेकरं कशी आहेत, ते कळव. मी बरा आहे असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? जेवण जात नाही.

आमच्या शाळेत नव्या बाई आल्या आहेत, बहीजा नावाच्या. वय चोविसाच्या वर नसेल. शाळेचं फाटक उघडायचं, घंटा वाजवायची, एवढंच माझं काम, त्यामुळे मी बोलणारा कोण? पण काल त्या सगळा वर्ग घेऊन तळ्यावर गेल्या. आपल्या तळ्यावर. तीन वर्षं पाऊस नाही, तळ्याची नुसती भेगाळलेली जमीन झाली आहे. तिथून पोरांनी डब्या भरभरून माती आणली. माझी नात हनियाही त्यांत होती. मी विचारलं, "बाई, ही मेलेली माती कशाला?" त्या हसल्या. म्हणाल्या, "बा मआती, ही मेलेली नाही, झोपलेली आहे. हिच्यात अंडी आहेत. पाणी घातलं की उठतील. वर्षभर आपण तळं बघायचं, पावसाळ्यात, वसंतात, उन्हाळ्यात."

वर्षभर म्हणे!

तुला ठाऊक आहे त्या तळ्यानं आपल्या घरातलं काय नेलं ते. त्याच्या खालच्या लोकांशी, त्या जिनांशी, आपलं घर कसं वागलं आणि काय भोगलं, तेही ठाऊक आहे. मी बाईंना सांगितलं. त्या ऐकून घेतात, मान हलवतात आणि पुढच्या फेरीचा दिवस ठरवतात.

तुझा थोरला शिक्षण खात्याच्या कचेरीत आहे. त्याला सांग, कुणाच्या तरी कानावर घाल. बाईंची बदली झाली तर बरं. त्यांचं वाईट व्हावं असं नाही, मुलगी गुणी आहे. फक्त दुसऱ्या गावी जाऊ दे, जिथे तळं नाही.

तुझा भाऊ,
मआती


कासाब्लांका,
२५ ऑक्टोबर

भावा,

अक्षर मोठं आहे म्हणून हसू नकोस. मशिदीमागच्या बायकांच्या वर्गात चौसष्टाव्या वर्षी लिहायला शिकले, ते तुझी असली पत्रं वाचायला नव्हे.

तू खुळा झालास का? एक पोरगी खेड्यात येते, पोरांना उन्हात चालवते, चिखल दाखवते, आणि तू तिची बदली करायला निघालास? माझा मुलगा कचेरीत शिक्के मारतो. तो कुणाची बदली करू शकत असता तर आधी माझ्या सुनेची केली असती.

तळ्यानं आपला सल्लाम नेला, हे मी विसरले असेन असं तुला वाटतं? मी दहा वर्षांची होते, तो सात. आई जन्मभर सांगत राहिली, "मी हरभऱ्याचं उकळतं पाणी घरामागे फेकलं, तोंडून बिस्मिल्ला निघालं नाही. खालच्यांचं पोर भाजलं असेल, म्हणून त्यांनी माझं नेलं." त्यानंतर ती पाणी फेकताना इतक्या मोठ्यानं बिस्मिल्ला म्हणायची की तीन घरांपलीकडच्या कोंबड्या उडायच्या. आठवतं?

पण भावा, ते आईचं पाणी होतं आणि आईचं पोर होतं. या पोरांनी कुठलं पाणी फेकलं?

आणि एक विचारते. दरवर्षी पहिलं पाणी भरलं की तू सगळ्यांच्या आधी तळ्यावर जातोस. गाव म्हणतं, मआती भावाच्या नावानं दूध सोडायला जातो. मी मात्र तुझ्या हातात दुधाचं भांडं कधी पाहिलं नाही.

काही सांगायचं असेल तर लिही. मला आता वाचता येतं.

तामू


औलाद झिदान,
१९ नोव्हेंबर

तामू,

दूध मी कधी नेतो, कधी नेत नाही. गावाला काय, बोलायला पाहिजे.

पाऊस आला. असा पाऊस मी फार वर्षांत पाहिला नाही. पण आधी बरणीचं सांगतो, कारण बरणीमुळे उरलंसुरलं जेवणही सुटलं आहे.

बाईंनी ती माती काचेच्या बरणीत घातली, वर पावसाचं पाणी ओतलं आणि खिडकीत ठेवली. मी म्हटलं, काही होणार नाही. दहा दिवस काहीच दिसलं नाही, मला बरं वाटलं. अकराव्या दिवशी फाटक उघडलं, तर पोरं धावत आत. आतून आरोळी. मी गेलो. बरणीत नखाएवढे जीव, काचेसारखे आरपार. अंगाला पिसांसारखे पाय, आणि सगळे पाय एका लयीत हलतात. हनियानं मला हाताला धरून ओढलं. "आजोबा बघ, हे उलटे पोहतात! पाय वर, पाठ खाली!"

खरंच तसे पोहत होते. सगळेच्या सगळे.

बाई म्हणाल्या, यांची अंडी कोरड्या मातीत किती तरी वर्षं पडून राहतात. मी विचारलं, "किती?" त्या म्हणाल्या, "काही तुमच्या तरुणपणापासूनचीही असतील, बा मआती." पोरं हसली. मी बाहेर येऊन घंटेखाली बसलो. मला वाटलं होतं की मातीत टाकलेलं मातीत जातं.

काल पहाट फुटल्यावर तळ्यावर गेलो. पाणी घोट्याएवढं आहे. काठाकाठानं पूर्ण फेरी मारली. काही तरंगत नव्हतं.

बदलीचं पाहा. हात जोडतो.

मआती


कासाब्लांका,
१० डिसेंबर

भावा,

आमचं छत तीन ठिकाणी गळतंय, आणि मी बादल्यांमधून चालत हे लिहिते आहे.

तुझ्या पत्राच्या मागे हनियानं पेन्सिलनं तो उलटा जीव काढला आहे. छान काढला आहे. खाली तिनं चार ओळी लिहिल्या आहेत, तू वाचल्या नसशील. ती लिहिते, "तामू आजी, आम्ही बरणीत बुचाचा तुकडा सोडला, जीवांना सावली म्हणून. आजोबांनी हात घालून तो काढला आणि भिंतीपलीकडे फेकला. बूच विषारी असतं का?"

काय रे, बूच विषारी असतं का? चाळीस वर्षं बुचाच्या झाडांची साल काढलीस, त्यावरच पोरं वाढवलीस. बुचाच्या बुंध्यावर तू डोकं ठेवून झोपायचास. मग बरणीतल्या तुकड्यानं तुझं काय केलं?

आणि 'काही तरंगत नव्हतं' असं लिहिलंस. काय तरंगायला हवं होतं?

बदलीचं मी कुणालाही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. उगाच वाट बघत बसू नकोस.

तामू


औलाद झिदान,
६ फेब्रुवारी १९९६

तामू,

उशीर झाला, रागावू नकोस. तू विचारतेस त्याचं उत्तर या पत्रात नाही. आजारीही आहे.

तळं भरलं. जंगलाच्या कडेपर्यंत पाणी आहे. म्हातारी माणसं सांगतात की असं तळं त्याच वर्षी भरलं होतं. ते वर्ष कोणतं, हे कुणी बोलून दाखवत नाही, माझ्यासमोर तर नाहीच.

बाईंना अडवता येत नाही म्हणून मी त्यांच्याबरोबर जायला लागलो. एकवीस पोरं आहेत. मी सारखा मोजतो. मोजून झाली की पुन्हा मोजतो. मोठी पोरं माझी नक्कल करतात, बोट नाचवत, "एकोणीस, वीस, अरे बापरे, एकविसावं कुठे गेलं!" करू देत.

त्यांनी पाण्यातून काय काय काढलं! ढालीसारखी पाठ असलेला एक किडा, त्याला तीन डोळे. पाठीवर टोकं असलेली एक पाल, पाण्यात राहणारी. बेडकांची अंडी, साबुदाण्याच्या लापशीसारखी. हनिया ती ओंजळीत घेऊन म्हणाली, "आजोबा, गार आहे पण जिवंत लागतं." मी म्हटलं, "टाक ते." ती म्हणाली, "तू सगळंच टाक म्हणतोस." बाई रागावल्या नाहीत, सगळं पुन्हा पाण्यात सोडायला लावलं. पोरं आता प्रत्येक जिवाला जपून सोडतात. हे मलाही चांगलं वाटतं, खोटं का बोलू.

मग बाई म्हणाल्या, "आता दगड उलटून बघा, खाली कोण राहतं ते." पाण्याच्या कडेला, तिरक्या बुंध्यासमोर एक सपाट दगड आहे. मी जाऊन त्यावर बसलो. अर्धा दगड पाण्यात होता. पोरं म्हणाली, "बा मआती, उठा ना, हाच सगळ्यात मोठा आहे!" मी म्हटलं, "म्हाताऱ्याचे पाय दुखतात." तासभर बसलो, कमरेपर्यंत भिजलो. घरी आलो तो ताप घेऊन. अजून अंथरुणात आहे. पुढच्या फेरीला जायला हवं, आणि उठवत नाही.

तू विचारशील की त्या दगडावरच का. विचारू नकोस.

मआती


औलाद झिदान,
२४ मार्च

तामू,

हे पत्र एकटीनं वाच. सुनेला दाखवू नकोस. वाचल्यावर मला भाऊ म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

गुरुवारी पोरं तळ्यावर गेली. मी तापात होतो. मुलगा म्हणाला, "पडून राहा." मी राहिलो. मग मनात आलं की मोजायला कुणी नाही. काठी घेऊन निघालो. जंगलाच्या वाटेनं तीनदा बसावं लागलं.

पोचलो तेव्हा बाई पलीकडच्या काठावर लहान पोरांना घेऊन होत्या, पाण्यावरची पांढरी फुलं दाखवत. अलीकडे मोठी चौघं-पाचजणं. आणि तो सपाट दगड उलटा पडलेला. मी दगड पाहिला आणि पाण्याकडे पाहिलं. हनिया गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्या कमरेला दोन बुचाचे तुकडे होते, डोक्याच्या रुमालानं बांधलेले. मध्ये पाणकोंबडीचं घरटं आहे, तिथे तिला जायचं होतं. बाकीची पोरं म्हणत होती, "घट्ट बांध, घट्ट, बा मआती भारा बांधतात तसा मधोमध!"

ते तुकडे मी ओळखले. दोन्हींना दोन-दोन भोकं, तापलेल्या खिळ्यानं पाडलेली. दोरी कुजून गेली होती. बूच जसंच्या तसं, तामू. पंचावन्न वर्षांत त्याचा एक कोपराही झिजला नव्हता. पोरांनी दगड उलटला आणि ते आपलं आपण वर आलं.

मला पोहता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. मी काठी टाकली आणि पाण्यात शिरलो. ओरडलो काय ते आठवत नाही, पोरं सांगतात की मी "सल्लाम, सल्लाम" ओरडत होतो. हनियाला धरून काठावर ओढली. ती रडायला लागली, "मी काय केलं? मी काय केलं?"

आता ऐक.

तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. नुकता बुचाची साल काढणाऱ्यांबरोबर जायला लागलो होतो. भारा बांधायला शिकलो होतो आणि मला त्याची मोठी ऐट होती. खेचरावर घालायचा भारा मधोमध बांधतात, म्हणजे तो कलत नाही. सल्लामला मीच म्हटलं, "घरट्यातून अंडी आण, तू हलका आहेस." त्याला पाण्याची भीती वाटत होती. मी म्हटलं, "भित्रा, आईच्या मागे जा." मग त्याच्या कमरेला बूच बांधलं. मधोमध. भाऱ्यासारखं. तो गेला. अर्ध्या वाटेत खोल लागलं, बूच कमरेवरून घसरलं आणि मांड्यांपाशी अडकलं. पाय वर आले. डोकं खाली गेलं. बूच त्याला वर धरून होतं, तामू, पण उलटं. मी गळ्यापर्यंत पाण्यात गेलो, हात पोचला नाही. फांदी तोडून आणली, ओढून आणलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

दोरी मी कापली. बूच बुडत नाही. जाळावं तर धूर दिसेल. म्हणून चिखलात पुरलं आणि वर तो दगड ठेवला. मग धावत घरी गेलो आणि म्हटलं, तळ्यानं सल्लामला ओढून नेलं. आई तिथेच खाली बसली. मग त्याला शेवटची आंघोळ घालून बाहेर आली तेव्हा म्हणाली, "माझ्या हातून पाणी सांडलं. माझ्या हातून." आणि मी गप्प राहिलो.

ती जन्मभर ते पाणी स्वतःच्या नावावर घेऊन जगली. प्रत्येक वेळी बिस्मिल्ला ओरडायची, आणि ते मला सुईसारखं लागायचं. उन्हाळ्यात तळं सुकलं की दरवर्षी कुदळ घेऊन जायचो, काढून जाळून टाकीन म्हणून. दरवर्षी तसाच परत यायचो. आणि पाणी भरलं की बघायला जायचो, ते वर आलं का. दूध कधीच नेलं नाही.

हे सगळं मी गुरुवारी काठावर बसून बाईंना सांगितलं, पोरांच्या समोर. ओल्या कपड्यांत. नाही सांगितलं तर उद्या कुणीतरी पुन्हा मधोमध बांधील. बाईंनी आपली शाल माझ्यावर टाकली.

आता तुला सांगितलं. आईला सांगायचं राहिलं.

मआती


कासाब्लांका,
२ एप्रिल

भावा,

तू माझा भाऊ आहेस. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

आईला ठाऊक होतं.

सल्लाम लहान म्हणून त्याला शेवटची आंघोळ आईनंच घातली. मी पाणी आणून देत होते. मध्येच तिनं मला बाहेर काढलं, "अजून पाणी आण," म्हणाली, आणि भरलेल्या दोन बादल्या तिथेच होत्या. तेव्हा कळलं नाही. बावीस वर्षांनी ती जाताना मी जवळ होते, तू जंगलात होतास. ती म्हणाली, "त्याच्या मांड्यांवर दोरीचा वळ होता. ठेंगण्या ताडाच्या दोरीचा. जन्मभर मी ती दोरी वळत आले, तिचा वळ मला कळणार नाही? बुचाचा भुगा त्याच्या बेंबीत होता. मी पुसला."

मी म्हटलं, "मग ते उकळतं पाणी?"

ती म्हणाली, "त्या दिवशी मी पाणी फेकलंच नव्हतं. हरभरे शिजले नव्हते. एक पोर मातीत जात होतं, दुसऱ्याला गाव भावाचा जीव घेणारा म्हणणार होतं. मला काहीतरी सांगायला हवं होतं. जे सांगितलं ते सगळ्यांना पटलं."

भावा, ती ओरडायची ते खालच्यांसाठी नव्हतं. ते तुझ्यासाठी होतं. गोष्ट टिकून राहावी म्हणून. तू विसरू नयेस की गुन्हा तिचा आहे.

तिनं मला शपथ घातली होती, "तो स्वतः बोलेपर्यंत तू बोलायचं नाहीस. बोलला तर सांग. नाही बोलला तर त्याला तसाच जाऊ दे." म्हणून मी तुला दर पत्रात विचारत होते. आधी समोरासमोर, आता कागदावर, तेहतीस वर्षं विचारते आहे, म्हाताऱ्या, तुला कळायचंच नाही.

अंथरुणातून उठलास की कळव.

तामू


औलाद झिदान,
१८ जून

तामू,

एप्रिलपासून पत्र लिहायला बसतो आणि कागद दुमडून ठेवतो. आज लिहितो.

मी तिला फसवलं असं समजत होतो. तिनं मला फसवलं होतं. आम्ही दोघं एका घरात बावीस वर्षं, रोज एका ताटात जेवलो आणि एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली. कधी कधी राग येतो. का नाही बोलली? मग वाटतं, मी तरी कुठे बोललो?

बाईंनी वर्गात मातीची एक बाहुली केली. एका बादलीत पाणी घेतलं. बुचाचा तुकडा आधी तिच्या काखेखाली बांधला. बाहुली सरळ उभी तरंगली. मग कमरेला, मग थोडा खाली. बाहुली उलटी झाली, पाय वर. एकही पोर हसलं नाही. मी दारात उभा होतो, तोंड फिरवलं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बा मआती, तुमच्या भावाला सल्लाम म्हणायचे ना? तो कसा होता?"

मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तो किडकिडीत होता, पुढचे दोन दात पडलेले, आणि त्याला बेडकासारखं ओरडता यायचं. मग तो आवाज काढून दाखवला. सगळा वर्ग ओरडायला लागला. हेडमास्तर धावत आले.

तळं सुकत आलं आहे. आधी फुलं गेली, मग बेडकं जंगलात गेली. ढालवाले किडे चिखलात मरून पडले, पण बाई म्हणतात की अंडी घालून गेलेत. काल पोरांनी पुन्हा माती भरून आणली, बरणीवर तारीख घातली आणि फळीवर ठेवली. बुचाचे ते दोन तुकडे मी आईच्या कबरीशी जाळले. दिवसाढवळ्या. धूर काळा निघाला, फार वेळ निघत राहिला. कुणी विचारलं नाही.

सुटेल असं वाटलं होतं. पुरतं सुटत नाही, तामू. बरणीकडे बघताना अजून पाय वर दिसतात. पुढच्या पावसात पुन्हा सगळ्यांच्या आधी मी तळ्यावर जाईन, हे मला ठाऊक आहे. काय बघायला, ते ठाऊक नाही.

आज दुपारी सून घरात नव्हती. मी हरभरे शिजवले. पातेलं घेऊन घरामागे गेलो आणि पाणी फेकण्याआधी बिस्मिल्ला म्हटलं. आईसारखं, जोरात. कोंबड्या उडाल्या. हनिया आतून ओरडली, "आजोबा, एवढ्या मोठ्यानं कुणाला सांगतोस?"

मी म्हटलं, "माझ्या आईला. कळलं म्हणून सांगतोय."

तुझा भाऊ,
मआती